वाचनालयातील व्हिडिओ गेमचे सामान : कपाट, कुलूप आणि नोंदवही (बडोदे, २०२४)

६ एप्रिल, शनिवार

आमच्या मराठी वाचनालयाच्या एका जुन्या सभासदांनी, मुलगा परदेशी स्थायिक झाल्यामुळे घरात पडून राहिलेले व्हिडिओ गेमचे सामान बालविभागाला देणगी म्हणून दिले. त्यात एक प्लेस्टेशन ४ स्लिम (टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र), त्याचे दोन कंट्रोलर, एक निंटेंडो स्विच (हातात धरून किंवा टीव्हीवर खेळायचे लहान यंत्र), तो टीव्हीला जोडणारा डॉक, जॉय-कॉनचा एक जोड (स्विचचे डावे-उजवे सुटे कंट्रोलर), प्लेस्टेशनच्या नऊ डिस्क, स्विचची पाच गेम कार्डे आणि तारांचा भला मोठा गुंता आहे. ४३ इंची टीव्ही वाचनालयाकडे आधीपासून आहे. शनिवार-रविवारी संध्याकाळी मुलांना दोन-दोन तास खेळू द्यावे, असे कार्यकारिणीने ठरवले आणि सामान ठेवण्या-जपण्याची व्यवस्था माझ्याकडे सोपवली. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाला असेच काही करायचे झाल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे.

बैठकीत सगळी चर्चा चोरीवर झाली. कुलूप कोणते घ्यायचे यावर अर्धा तास गेला. कुलपाच्या आत नेमके काय काय असणार, याची यादी मात्र कोणाकडेच नव्हती. म्हणून आज कुलपाचा विचार बाजूला ठेवून गुंता सोडवला, प्रत्येक वस्तू पांढऱ्या कागदावर मांडून तिचे छायाचित्र काढले आणि यंत्रांचे अनुक्रमांक लिहून घेतले. स्विचचा अनुक्रमांक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी बारीक अक्षरांत असतो आणि तो वाचायला भिंग लागले. वस्तू गेलीच तर पोलिसांकडे द्यायला हा क्रमांक हवा. ‘काळे यंत्र, बाजूला लाल आणि निळे बटण’ एवढ्या वर्णनावर काही सापडणार नाही. शिवाय निंटेंडो भारतात अधिकृतपणे स्विच विकत नाही. बाजारात मिळतो तो बाहेरून आणलेला माल, त्यामुळे हमी नाही आणि सुटा भाग मिळायलाही यातायात होते. जपायच्या क्रमवारीत म्हणून स्विचचे लहान भाग पहिले आणि प्लेस्टेशन नंतर.

१३ एप्रिल, शनिवार

हे सामान कोणत्या वहीत चढवायचे, यावर आठवडा गेला. हिशेब पाहणाऱ्या काकांचे म्हणणे, हे टेबल-खुर्च्यांसारखे जडवस्तू नोंदवहीत जावे. ग्रंथपाल ताईंचे म्हणणे, डिस्क ही पुस्तकासारखीच वाचकाच्या हाती जाणारी वस्तू आहे, तेव्हा ती दाखल नोंदवहीत जावी. दोघांचेही खरे असल्यामुळे यंत्रे, कंट्रोलर आणि तारा जडवस्तूंत घेतल्या आणि डिस्क व कार्डे दाखल नोंदवहीत घेतली. ‘जॉय-कॉन, एक जोड’ अशी नोंद मी होऊ दिली नाही. डाव्याला एक क्रमांक, उजव्याला दुसरा आणि त्यांना लावायच्या मनगटाच्या प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र क्रमांक दिला, कारण हरवते ते नेहमी जोडातले एक. एका पिशवीतल्या सामानाच्या तीस नोंदी झाल्या. काकांनी डोळे मोठे केले, पण सही केली.

क्रमांक टाकताना घ्यायची काळजी अशी. प्लेस्टेशन डिस्क ओढून आत घेते. डिस्कवर पुस्तकासारखी चिठ्ठी डकवली तर ती आत सुटू शकते किंवा फिरताना डिस्कचा तोल बिघडवू शकते. म्हणून अल्कोहोल नसलेल्या मार्करने, मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर आकडा लिहिला. स्विचच्या कार्डावर चिठ्ठी लावायचा तर प्रश्नच नाही, जाडी किंचित वाढली तरी कार्ड खाचेत अडकते. टपालाच्या तिकिटाएवढी ही कार्डे मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून निंटेंडो त्यांवर डेनॅटोनियम बेन्झोएट या अतिशय कडू पदार्थाचा लेप देते. हरवायला मात्र ती मुळीच कडू नाहीत. म्हणून फडताळावर रिकाम्या डब्या मांडल्या असून डिस्क आणि कार्डे देवघेवीच्या टेबलाच्या खणात ठेवली आहेत. मूल डबी घेऊन येते, ओळखपत्र ठेवते आणि डिस्क नेते.

२० एप्रिल, शनिवार

पहिली व्यवस्था आज मोडीत काढली. बालविभागातले जुने लोखंडी कपाट रिकामे करून प्लेस्टेशन मधल्या कप्प्यात ठेवले होते, पाठीच्या पत्र्याला भोक पाडून तार टीव्हीपर्यंत नेली होती आणि दार बंद करून कुलूप लावायचे, म्हणजे मुलांच्या हाती फक्त कंट्रोलर राहतील, अशी योजना होती. कागदावर ती उत्तम दिसत होती. प्रत्यक्षात पाऊण तासाच्या आत आतला पंखा घोंघावू लागला आणि पडद्यावर यंत्र फार तापल्याची सूचना आली. दार उघडले तेव्हा तोंडावर भट्टीसारखी झळ आली.

कारण साधे आहे. हे यंत्र हवा कडांच्या फटींतून आत घेते आणि गरम हवा मागून बाहेर टाकते. बंद कपाटात मागून टाकलेली तीच हवा पुन्हा आत ओढली जाते. त्यात बडोद्याचा एप्रिल. स्विचसाठी निंटेंडोने सांगितलेली वापराची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सियस आहे आणि आमच्या बालविभागात दुपारी चारला पंख्याखालीसुद्धा पारा त्याच्या वर असतो. तेव्हा दोन निर्णय झाले. खेळाची वेळ साडेसहाच्या पुढे नेली. ठेवायची जागा आणि चालवायची जागा वेगळ्या केल्या : प्लेस्टेशन टीव्हीखाली जाळीच्या पेटीत कायमची राहील, बाकी सगळे कपाटात. त्या एका भोकासाठी दिलेले दीडशे रुपये वाया गेले. त्यावर आता पत्र्याचा तुकडा ठोकला आहे.

११ मे, शनिवार

जाळीची पेटी अखेर भिंतीवर चढली. इतका वेळ लागला त्याला ७ मेचे मतदान आणि लग्नसराई ही कारणे सांगितली गेली, पण खरे कारण माप. मिस्त्रींनी यंत्राचे माप अचूक घेतले होते : २६५ गुणिले २८८, उंची ३९ मिलिमीटर. त्याप्रमाणे ३०० मिलिमीटर खोल पेटी करून आणली. यंत्र आत बसले, पण टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआयच्या तारेचे डोके मागे राहील एवढी जागा उरली नाही. तार काटकोनात दाबून घालावी लागत होती. मिस्त्री म्हणाले, ‘चालशे.’ चालले नसते, कारण रोज दाबल्या जाणाऱ्या तारेने यंत्राचे पोर्टच सैल होते आणि ते बदलणे हे पेटी बदलण्याहून महाग पडते. पेटी परत गेली आणि ४०० मिलिमीटर खोल होऊन आली. वर, मागे आणि दोन्ही बाजूंना जाळी, पुढे दार, खाली पत्रा. यंत्राच्या चारही बाजूंना चार बोटे मोकळी जागा. दोन तास सलग चालवून पाहिले. पंख्याचा आवाज वाढतो, पण सूचना येत नाही.

कुलपाबाबत जे पाहिले ते सविस्तर लिहितो. मिस्त्रींनी लावलेल्या कडी-कोयंड्याचे स्क्रू दार बंद असतानाही बाहेरून दिसत होते. त्यावर सातशे रुपयांचे पितळी कुलूप लावले काय आणि सुतळी बांधली काय, सारखेच. पेचकस घेऊन येणारा कुलपाला हातही लावणार नाही. तो कोयंडा काढून दार मिटल्यावर स्क्रू झाकणारा लावला आणि जिथे झाकणे शक्य नव्हते तिथे बाहेरून गुळगुळीत गोल डोके व आतून नट असे बोल्ट घातले. पेटी भिंतीला धरणारे फास्टनरही पेटीच्या आतून कसले आहेत, म्हणजे दार उघडल्याशिवाय पेटी निघत नाही. टीव्हीच्या भिंतीवरच्या स्टँडला तळाशी एक आडवी पट्टी येते आणि तिच्या टोकाला कुलपाचे भोक असते. आमच्याकडे टीव्ही आल्यापासून त्या भोकात कुलूप नव्हते. आता आहे. पेटीचे ३,८००, कोयंडा-बोल्टांचे २६० आणि दोन कुलपांचे १,१५० रुपये झाले.

१८ मे, शनिवार

प्लेस्टेशनच्या मागच्या फटीतून सकाळी एक झुरळ बाहेर आले. अंधार, ऊब आणि बारीक फटी, म्हणजे झुरळाला हवे ते सगळे या यंत्रात आहे. वीजपुरवठ्याचा भागही यंत्राच्या आतच असल्यामुळे झुरळ त्यावर मेले तर यंत्र बंद पडू शकते. शिपाईभाईंनी वाचनालयाच्या रिवाजाप्रमाणे पेटीत आणि कपाटात डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्या मी लगेच काढून घेतल्या. पुस्तकांच्या कपाटात त्या वर्षानुवर्षे वापरतात, पण त्यांची वाफ काही प्लास्टिकना मानवत नाही, आणि मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूंना तो वास नकोच. फवारणीही करता येत नाही. भिंतीच्या कडेला आणि पेटीखाली झुरळे मारायच्या जेलचे ठिपके दिले, बालविभागात डबा खाण्यावर बंदी घातली आणि दर महिन्याला फटींवरची धूळ मऊ ब्रशने काढायची असे ठरवले. खाण्यावरच्या बंदीने झुरळांपेक्षा पालकच अधिक नाराज झाले.

८ जून, शनिवार

मुलांसाठी खेळ सुरू होऊन आज दुसरा आठवडा. चोरी झाली नाही, पण सामान पुरे परत आले नाही. डावा जॉय-कॉन एका मुलाच्या दप्तरात गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आजी तो घेऊन आल्या. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा झाला : मनगटाचा एक पट्टा जॉय-कॉनवर उलटा चढवला गेला आणि रुतून बसला. पट्ट्यावर अधिक आणि उणे अशी चिन्हे असतात. अधिकचा पट्टा अधिकच्या बटणाच्या बाजूनेच सरकवायचा असतो. उलटा चढवला तर तो आत जातो सहज, पण निघत नाही. जोर लावला तर पट्टा ज्यावर सरकतो तो रूळ तुटतो. शेवटी पट्ट्यावरचा खटका सोडून, जॉय-कॉन टेबलावर आडवा धरून, दोन्ही अंगठ्यांनी थोडे थोडे रेटत तो काढला. आता पट्टे आणि जॉय-कॉन या दोन्हींवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत, लालला लाल आणि पांढऱ्याला पांढरा.

वेळ संपल्यावर घाईत सामान मोजायचे आणि तीस ओळींच्या यादीवर खुणा करायच्या, हे शनिवारी रात्री साडेआठला कोणाकडूनही नीट होणार नाही. यादी आहे आणि कुलूपही आहे, तरी वस्तू निसटतेच. कारण मुलांच्या हातातून कपाटापर्यंत जाईस्तोवर तिची ठरलेली अशी जागा नाही.

२२ जून, शनिवार

या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट आज तयार झाली आणि तिला फक्त ९४० रुपये लागले. गॅरेजमध्ये पाने-पकडी ठेवायला ज्याच्या त्याच्या आकाराचा साचा कापलेला असतो, तसे दोन ट्रे केले. उशीचा मऊ फोम आधी आणला होता, पण त्याची भुकटी कंट्रोलरच्या अंगठ्याने फिरवायच्या काडीभोवती जमते आणि तो ओलही धरतो. म्हणून ईव्हीए या घट्ट फोमचे दोन थर घेतले, खाली पिवळा, वर काळा. वरच्या काळ्या थरावर प्रत्येक वस्तू ठेवून पेन्सिलीने कड काढली, नव्या ब्लेडने कापले, तुकडा काढून टाकला आणि दोन्ही थर चिकटवले. वस्तू जागेवर नसली की काळ्यात तिच्या आकाराचा पिवळा डाग दिसतो. यादी वाचावी लागत नाही, दुरूनही कळते. ब्लेड दर चार-पाच रेघांनी बदलावे लागते, नाहीतर कड दातेरी होते. कंट्रोलरच्या वळणावर ती झालीच. बोट घालून वस्तू उचलता यावी म्हणून प्रत्येक खाचेला अर्धगोल खोबण कापायची राहून गेली होती, ती नंतर केली.

तारांसाठी खाचा केल्या नाहीत. तार कोणी त्याच आकारात गुंडाळत नाही. प्रत्येक तारेला वेलक्रोची पट्टी आणि ट्रेच्या कडेला हुक, एवढे पुरते. यूएसबीच्या दोन तारांपैकी एकीला लाल चिकटपट्टी आहे, कारण दुसरी केवळ चार्जिंगची असून तिच्यातून कंट्रोलर यंत्राशी जोडला जात नाही, आणि हे लक्षात येईपर्यंत एक सबंध संध्याकाळ कंट्रोलरच बिघडला असे समजून गेली.

आता नियम असा : दोन्ही ट्रेमध्ये पिवळे दिसेनासे झाल्याशिवाय ओळखपत्रे परत मिळत नाहीत. ट्रे भरायचे काम मुलेच करतात, आणि एखादा पट्टा राहिला तर तो कोणाकडे आहे हे आमच्याआधी त्यांना कळते.

१३ जुलै, शनिवार

पावसाळ्यातल्या ओलाव्यासाठी कपाटात तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवला. सकाळी तो ८४ दाखवत होता. स्विचसाठी सांगितलेली मर्यादा ८० टक्के आहे. सिलिका जेलच्या पुड्या आणताना दुकानदार निळे जेल देत होता. ते ओल शोषून गुलाबी होते, पण त्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरतात आणि ते मुलांच्या वस्तूंजवळ नको. नारिंगी जेल आणले, जे ओलावल्यावर हिरवे होते. ते सुमारे १२० अंशांवर तापवले की पुन्हा कोरडे होते. त्यासाठी स्वयंपाकात न वापरायचे वेगळे भांडे ठेवावे. कपाटाचे दार वरचेवर उघडले तर जेलचा काही उपयोग नाही, म्हणून दार फक्त खेळाच्या वेळी उघडते.

बॅटऱ्यांचे दोन नियम केले. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवली तर ती पुन्हा भरत नाही. निंटेंडो तर न वापरलेले यंत्रही सहा महिन्यांत एकदा चार्ज करावे असे सांगते. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळे चार्ज होते, परीक्षांच्या सुट्टीतसुद्धा. दुसरा नियम असा की बंद कपाटात, रात्री, कोणी नसताना काहीही चार्ज करायचे नाही. कपाटातच चार्जिंगचा बोर्ड बसवून द्यावा अशी सूचना आली होती. चारी बाजूंनी कागद असलेल्या इमारतीत ती मी मान्य केली नाही आणि पुढेही करणार नाही.

२० जुलै, शनिवार

कुलूप नुसत्या लोखंडाचे असून भागत नाही. एका मुलाने प्लेस्टेशनवर स्वतःच्या खात्याने प्रवेश केला आणि तो तसाच निघून गेला. त्या खात्याला त्याच्या वडिलांचे कार्ड जोडलेले होते. पुढच्या मुलाने खरेदीच्या पानापर्यंत मजल मारली होती. खाते तत्काळ काढले आणि पालकांना फोन केला. यंत्रात नवीन वापरकर्ता तयार करण्यास व पाहुणा म्हणून प्रवेश करण्यास मनाई करण्याची सोय पालक-नियंत्रणात आहे, ती लावली. त्या नियंत्रणाचा मूळ संकेतांक ०००० असतो आणि तो आम्हाला मिळालेल्या यंत्रावर तसाच होता. स्विचच्या पालक-नियंत्रणालाही पिन लावला. दोन्ही पिन लिहिलेला कागद दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानाला होता. ती वही देवघेवीच्या टेबलावर उघडी असते हे ताईंनी दाखवून दिल्यावर तो तिजोरीत गेला.

३१ ऑगस्ट, शनिवार

२६ तारखेला, गोकुळाष्टमीला, सुरू झालेल्या पावसाने आणि आजवा धरणाच्या पाण्याने विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. फतेगंज, समा, अकोटा भागांत लोकांच्या घरांत पाणी होते; आमच्याकडे ते बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबले. दोन दिवस वीज नव्हती. ट्रे कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होते, कारण मुलांना तो हाताशी येतो. आणखी वीतभर पाणी चढते तर कुलपासकट सगळे बुडाले असते. ट्रे आता चार फुटांवरच्या कप्प्यात आहेत, लहान मुलांना ते मोठ्यांनी काढून द्यावे लागतात आणि त्याला इलाज नाही. त्याच कपाटाच्या तळाशी जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते, तेही या निमित्ताने वर गेले. ते इतकी वर्षे तिथे कसे राहू दिले, हा प्रश्न कार्यकारिणीत कोणी विचारला नाही.

वीज आली तेव्हा दाब कमी-जास्त होत होता. खेळ संपल्यावर केवळ बटण बंद न करता प्लग काढून ठेवायचा नियम जूनमध्येच केलेला होता, त्यामुळे यंत्रांना काही झाले नाही. टीव्हीचा प्लग त्या नियमात नव्हता. टीव्ही वाचला, पण आता तोही नियमात आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

सभागृहात दहा दिवस गणपती होता. ७ ते १७ तारखेपर्यंत सकाळ-संध्याकाळ एवढी गर्दी की कुलपाची खरी परीक्षा होईल असे वाटले होते. कुलपाला कोणी हात लावला नाही. मात्र जाळीच्या पेटीवर प्रसादाची ताटे रचली गेली आणि वरची सगळी जाळी झाकली गेली. यंत्र बंद असल्यामुळे निभावले. पेटीशेजारच्या सॉकेटमधून मखराच्या दिव्यांची माळही घेतली होती. पेटीच्या माथ्यावर आता उतरता पत्रा वीतभर अंतर सोडून बसवला आहे, त्यावर काही ठेवले तर घसरते, आणि सॉकेट पेटीच्या आत घेतले आहे. दोन्हींचे मिळून ८५० रुपये.

चाव्यांचे असे ठरले : एक जोड ग्रंथपाल ताईंकडे, दुसरा पाकिटात घालून, पाकिटावर सही करून कार्यवाहांकडे. तिसरा जोड केलेला नाही, मागणी दोनदा आली तरी.

राहिलेले काम म्हणजे घरी नेण्याची सोय. पालकांना स्विच आठवड्यासाठी घरी हवा आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालय खाते उभे केले, तेव्हापासून लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके पाठवली गेली, तेव्हा पेटी घराबाहेर जाण्याचे या गावाला नवल नाही. अडचण सुट्या भागांची आहे. पुस्तकाचे एक पान निसटले तर पुस्तक उरते, जॉय-कॉनचा एक तुकडा गेला तर यंत्र अर्धे होते. साचा असलेली कडक पेटी, आत झाकणावर छायाचित्रासह यादी आणि देताना-घेताना दोन सह्या, एवढे झाल्याशिवाय स्विच दाराबाहेर जाऊ देऊ नये, असे मी लिहून दिले आहे. पेटीचा दर १,६०० रुपये आला आहे. पुढच्या बैठकीत तो मंजुरीसाठी ठेवला आहे.